सूर कोणी द्यायचा

बाई, मला बोलायला बंदी आहे, म्हणून लिहिते आहे. बोलता आलं असतं तरी तुम्हाला कुठे गाठणार, हा प्रश्न होताच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या घराच्या जागी उभी राहिलेली इमारतसुद्धा आता जुनी दिसायला लागली आहे. पण घरात दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं हे नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनपर्यंत मौन सांगितलंय. कुजबुजायचंही नाही, त्याने म्हणे उलट जास्त ताण पडतो. खाकरायचं नाही, आणि गुणगुणण्याचं तर नाव काढायचं नाही. मुलाने त्याची लहानपणची पाटी माळ्यावरून काढून दिली आहे. तिच्यावर मी 'मीठ कमी आहे', 'दार लाव' असलं काहीबाही लिहीत असते. मी गप्प झाल्यापासून नवरा माझ्याशी मोठ्याने बोलतो, जणू मला ऐकू येईनासं झालंय. पहिल्या दिवशी हसू आलं, आता येत नाही. सोमवारी ऑपरेशन. स्वरतंतूवर गाठ आहे, ती काढणार आणि तपासायला पाठवणार. कसली निघते ते नंतर कळेल. साधी निघाली तर गाता येईल का, असं मी पाटीवर लिहून दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, "आधी बोलता येतंय का ते बघू ना." चांगला माणूस आहे, त्याला वाटलं तो मला धीर देतोय. मला फार भीती वाटते, बाई. हे पाटीवर लिहून कुणाला दाखवता येत नाही.

कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या, तुम्ही एकट्या बाई. शिकवायचात अर्थशास्त्र आणि जीव सगळा त्या समूहगानात. रुपया घसरला त्या वर्षी मी तुमच्या वर्गात आले. देशाची दारं उघडली असं सगळी वर्तमानपत्रं सांगत होती, आणि तुम्ही फळा पुसता पुसता न वळताच म्हणालात, "दारं उघडली आहेत म्हणे. मागच्या बाकावरच्यांनी जायला हरकत नाही." मी मागच्याच बाकावर होते. तास संपल्यावर तुम्ही मला थांबवलंत आणि विचारलंत, मघाशी बाकाखाली काय गुणगुणत होतीस. मी घाबरून 'काहीच नाही' म्हटलं. "काहीच नाही, पण सुरात होतं," एवढं बोलून तुम्ही डस्टर उचलून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मी तालमीला हजर.

तालीम कॉलेजात व्हायची, पण माझा गळा तयार झाला तो तुमच्या नव्या पेठेतल्या स्वयंपाकघरात. पुढच्या खोलीत तुमच्या यजमानांची केबल नुकतीच आली होती आणि जगात कुठे ना कुठे क्रिकेट चालूच असायचं. त्यामुळे गाणं आत. तुम्ही गवार मोडता आहात, मी ओट्याला टेकून उभी आहे, खिडकीत ताकाचं भांडं झाकून ठेवलंय. कुकरची शिट्टी होते. तुम्ही मान वर न करता विचारता, "कुठली पट्टी?" आणि मी पेटीवरची पट्टी सांगते, काळी चार. मग तुम्ही तोच सूर हळूच गळ्यातून काढून बघता, पटला तर पुढची शेंग मोडता, नाही पटला तर शेंग तशीच हातात. फेरीवाल्याची आरोळी, शेजारच्यांच्या दाराची बेल, सगळ्यांची पट्टी मला विचारून झाली होती. एकदा यजमान बाहेरून ओरडले, चहा मिळेल का. तुम्ही मला विचारलंत, "कुठली?" आणि आपण दोघी इतक्या हसलो की त्यांचा चहा राहूनच गेला. आजही कुकर लावला की मी शिट्टीसाठी कान देऊन थांबते. गेले दहा-पंधरा दिवस तर फारच.

आपल्या गाण्याला पेटी नसायची. बाकीच्या कॉलेजांकडे पेटी, कीबोर्ड, बासरी, सगळा सरंजाम. आपल्याकडे फक्त एक डफ. पेटी आली की मुली पेटीच्या मागे लपतात, असं तुमचं म्हणणं. मग सूर कशाचा धरायचा? तर पडदा उघडायच्या आधी, पलीकडे निवेदक आपल्या कॉलेजचं नाव सांगत असतो तेव्हा, विंगेत उभं राहून तुम्ही एकच सूर हलक्या गळ्याने द्यायचात. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू जाणार नाही इतका हलका. मुली ओळीने तो एकमेकींकडून घ्यायच्या, सगळ्या रांगेत तो फिरून यायचा, तोंडं बंद आणि गळे भरलेले. आणि मग पडदा. तुमचा नियम एकच होता, आणि तो मोडलेला तुम्हाला खपत नसे. दिलेला सूर बदलायचा नाही. उंच वाटो, खाली वाटो, कुणी एकीने आपल्या मनाने सुधारायला जायचं नाही. "एकटी बरोबर असण्यापेक्षा सगळ्या मिळून चुका," म्हणायचात. एका मुलीने एकदा तालमीत सूर मनाने वर नेला, तर तुम्ही तिला शांतपणे विचारलंत, "तुझं वेगळं गाणं आहे का? मग वेगळ्या दिवशी ठेवू या." ती पुढे कधी चुकली नाही.

आता तो दिवस. मी शेवटच्या वर्षाला होते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी सांगायच्या आत तुम्हीच म्हणालात, "काळी तीन." मी लगेच म्हटलं, नाही बाई, चार. जरा तोऱ्यातच म्हटलं असेन, वयच तसं होतं. तुम्ही पुढच्या शिट्टीची वाट पाहिलीत. झाली. तुम्ही गॅस बंद केलात, पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "बरोबर आहे तुझं. घरी जा आता, उशीर होतोय." उशीर काही झालेला नव्हता, उन्हं अजून मोरीच्या कट्ट्यावर होती. मला वाटलं तुम्ही रागावलात, मोठ्या माणसाला असं तोंडावर चूक म्हणू नये. दुसऱ्या दिवशी तालमीत सगळ्यांसमोर तुम्ही माझ्यावर कडाडलात, "आजपासून सूर तू द्यायचास. मी काय जन्मभर विंगेत उभी राहू? मला काय दुसरी कामं नाहीत?" मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वर्षी युवक महोत्सवात मी रांगेतून सूर दिला, तुम्ही पहिल्यांदाच समोर प्रेक्षकांत बसलात, आणि आपण जिंकलो. तो राग होता आणि माझ्या कष्टाने तो निवळला, असंच मी समजून चालले. कालपर्यंत.

मग काही वर्षांनी ती नोकरी. तुम्हाला पेढे घेऊन आले होते ते आठवतं का? येरवड्याच्या तुरुंगाच्या पलीकडे काचेच्या इमारती नुकत्याच उठत होत्या, तिथे एका कंपनीत अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम मिळालं होतं. बाबा निवृत्त झालेले, धाकटा भाऊ शिकतोय, आणि आमच्या घरात एवढ्या पगाराची नोकरी कुणी पाहिलेली नव्हती. तुम्ही पेढा हातात घेतलात आणि विचारलंत, नेमकं काय करायचं. मी सांगितलं. "म्हणजे बिलासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, हे गोड आवाजात सांगायचं. छान. त्याचसाठी शिकवलं मी." पेढा तसाच बशीत ठेवलात. मी रडवेली होऊन उठले, चपला घालत होते, तर तुम्ही आतून एक पत्र्याची डबी आणून माझ्या पिशवीत टाकलीत. ज्येष्ठमधाच्या काड्या. "गाऊन गळा जात नाही. बोलून जातो. चघळत जा." दार लावून घेतलंत. ती डबी कामाच्या टेबलावर कायम होती. पुढे मी फोन सोडून तिथेच नव्या मुलांना बोलायला शिकवायला लागले. नागपूर, अमरावती, यवतमाळकडून आलेली हुशार पोरं, त्यांच्या तोंडातली त्यांची बोली मी दिवसभर घासून काढायची आणि तिथे कुठल्याच गावची नसलेली एक भाषा बसवायची. दिवसभर बोलायचं, बोलून दाखवायचं, पुन्हा बोलायचं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कॉलेजने समूहगानासाठी मला बोलावलं आणि मी धावत आले. शनिवार-रविवार तेवढेच माझे होते. तुम्ही एकदाच तालीम बघायला आलात, शेवटच्या रांगेत बसलात, चहा न घेता गेलात. त्यानंतर वर्षाच्या आत तुम्ही गेल्याचा निरोप मला कामावर मिळाला. मी समोरच्या मुलांकडून 'थँक यू फॉर होल्डिंग' म्हणून घेत होते, ते तसंच पूर्ण केलं, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

डॉक्टरांनी विचारलं, गाता का? मी हो म्हणून मान हलवली. म्हणाले, "गाण्याने नाही झालेलं हे. बोलून बोलून झालंय." बाई, मला तिथेच हसायला आलं असतं, पण हसायलाही बंदी.

आवाज सहा-आठ महिने बसतच होता. सकाळी घोगरा, दुपारी फाटका. मी दडवत राहिले. तालमीत मुली गायच्या, मी हाताने दाखवायची, आणि शेवटी तेवढा सूर द्यायची. तेवढा मी कुणाला देऊ दिला नाही. इतक्या वर्षांत कित्येक मुली आल्या आणि गेल्या, काहींचे कान माझ्याहून पक्के होते, पण विंगेतून सूर मीच द्यायचा. मला वाटायचं, ही तुमची जागा आहे आणि मी ती सांभाळते आहे. या वर्षी तुम्ही चाल लावलेलं नदीचं गाणं बसवलं. युवक महोत्सव लोणी काळभोरच्या एका कॉलेजात, भलं मोठं नवं सभागृह, एसी एवढा की मुली ओढण्या लपेटून उभ्या. डॉक्टरांनी सांगितलेलं मौन आदल्याच आठवड्यात सुरू झालं होतं. मी मनाशी म्हटलं, एकच सूर तर आहे, तो काय बोलण्यात धरायचा. विंगेत एक मुलगी माझ्या कानाशी आली. यवतमाळकडची आहे, इंजिनिअरिंगला, अंगाने एवढीशी. "मॅम, मोबाइलमध्ये तानपुरा आहे. हळूच लावू का? तुम्ही नका त्रास घेऊ." मी नाही म्हणून मान हलवली. ती पुन्हा म्हणाली, "नाही तर मी देऊ का?" मी तिच्याकडे असं बघितलं की ती गप आपल्या जागेवर गेली.

पलीकडे कॉलेजचं नाव पुकारलं गेलं. मी सूर दिला. काळी चार मनात लख्ख होती, बाई, अजूनही आहे. गळ्यातून जे आलं ते तीन पट्ट्या खाली घसरून आलं, जाड, खरखरीत. माझ्या कानाला त्याच क्षणी कळलं. मी हात वर केला, थांबा, पण त्यांनी तो सूर घेतलाही होता, एकीने दुसरीला दिलाही होता. पडदा उघडला. मुलींनी गाणं सुरू केलं. गाण्याची पहिली ओळ आधीच खालच्या स्वरांत उतरते, तुम्हीच तशी बांधली आहे. तिथे त्यांचे गळे पोहोचेचनात. एवढ्या मोठ्या सभागृहात नुसता डफ वाजत होता आणि मुलींची तोंडं हलत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज, आवाज!" मग हशा. मी विंगेतून बघत होते. त्यांना कळत होतं. त्या यवतमाळच्या मुलीच्या कपाळावरून मला दिसत होतं की तिला पहिल्या स्वरालाच कळलंय, आणि तिने मनात आणलं असतं तर सगळ्यांना वर उचलून नेलं असतं. तिने नेलं नाही. एकीनेही नेलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत त्या त्याच सुरात राहिल्या, एकसारख्या, एकत्र, कुणालाही ऐकू न येणाऱ्या. असं सुरेल बुडणं मी कधी पाहिलं नाही.

बाहेर बसपाशी मी तिच्यासमोर उभी राहिले. बोलता येत नव्हतं, पाटी जवळ नव्हती, मी नुसते हात जोडले. ती कावरीबावरी झाली. "असं नका करू मॅम. तुम्ही देल्ला होता ना सूर. मंग तोच धरला आम्ही." परतीच्या बसमध्ये त्या नेहमीसारख्या भेंड्या खेळल्या, मला वाईट वाटू नये म्हणून. मी खिडकीतून सोलापूर रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर मोजत बसले. कधी नव्हे ते वाटलं, गाडी कुठेही पोहोचू नये.

दोन दिवसांनी सांस्कृतिक विभागाचे सर घरी आले. तरुण आहेत, कॉम्प्युटर शिकवतात, मनाने चांगले. सफरचंदं आणली होती. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आराम करा. गॅदरिंगला आपण ट्रॅक बनवून घेऊ. पेनड्राइव्ह लावला की झालं, सगळी कॉलेजेस तेच करतात. आता रिस्क नको." मी पाटीवर लिहिलं, 'मुली गळ्याने गातील.' ते म्हणाले, "पण मॅडम, सूर कोण देणार?" विचारण्यात काही कुत्सित नव्हतं. मी खडू हातात धरून बसले. त्यांनी वाट पाहिली, मग घड्याळ पाहिलं. "शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे तुमच्या ऑपरेशनआधी. नाही कळवलंत तर मी ट्रॅकचं सांगून टाकतो." एकदा ट्रॅक आला की तो जाणार नाही, हे मला कळतं आणि तुम्हाला माझ्याहून जास्त कळलं असतं. मुली ट्रॅकच्या मागे लपतील. पडद्यामागे रांगेतून फिरणारा तो सूर पुढच्या वर्षीच्या मुलींना माहीतही नसेल.

आज शुक्रवार आहे. काल दुपारी ती यवतमाळची मुलगी एकटीच आली. आईने गावाहून पाठवलेल्या ज्वारीच्या पापड्या घेऊन आली होती. मला बोलायला लावू नये म्हणून स्वतःच बोलत राहिली, होस्टेलचं, परीक्षेचं. मी कुकर लावलेला होता, ती ओट्याला टेकून उभी होती. तेव्हा मला तुमचा तो दिवस आठवला, काळी तीनचा. तुम्ही रागावला नव्हतात. तुमचा कान तुम्हाला फसवायला लागला होता आणि तुम्हाला ते एका शिट्टीत कळलं. एक रात्रही तुम्ही घेतली नाहीत जास्त. दुसऱ्याच दिवशी जागा सोडलीत, आणि मला तुमची दया येऊ नये म्हणून वर माझ्यावरच ओरडलात. इतकी वर्षं मी तुमचा राग जपला आणि तुमचं शिकवणं तेवढं सोडून दिलं. मला त्या ओट्यावर डोकं आपटावंसं वाटलं, बाई. तुम्ही एवढं सांगितलं असतंत तर. पण सांगितलं असतं तर तुम्ही तुम्ही नसतात.

तेवढ्यात शिट्टी झाली. त्या मुलीला मी तुमच्या खेळाबद्दल कधीही काही सांगितलेलं नाही. ती बोलता बोलता थांबली आणि अगदी हलकेच, कुणी मागितलं नसताना, तिने तो सूर गळ्यातून काढला. स्वच्छ काळी चार. पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही इतका हलका. मग माझ्याकडे बघितलं, भुवया जराशा वर करून. काय विचारते आहे ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती बघत राहिली. दुसरी शिट्टी झाली, मी वळून गॅस बंद केला आणि हात पुसत राहिले, पाठ तिच्याकडे. ती म्हणाली, "येते मॅम, काळजी घ्या," आणि गेली.

सरांचा फोन मघाशी वाजून वाजून बंद झाला, आणि पाटी कोरी आहे. नवऱ्याला वाटतं मी ऑपरेशनच्या भीतीने लिहीत बसले आहे. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाच नाही. डॉक्टरांनी बोलायला मना केलंय, कुजबुजायला, खाकरायला, हसायला मना केलंय. हो म्हणून मान हलवायला मना केलेलं नव्हतं, बाई.